मामांची शेव्हरोलेट

साठी ओलांडलेल्या माणसाने काय विकत घ्यावे याविषयी शास्त्रात काही सांगितलेले नसले, तरी आमच्या सोसायटीत पुष्कळ सांगितले जाते. कोणी गुडघ्याचा पट्टा सुचवतो, कोणी अष्टविनायकाच्या बसचे तिकीट. १९५१ सालची शेव्हरोलेट पिकअप घ्या, असे मात्र मला कोणीही सुचवले नव्हते. ती मी स्वतःच्या बुद्धीने घेतली. आणि नुसती घेतली नाही, तर इंदूरहून पुण्यापर्यंत, सहाशे किलोमीटरांहून अधिक रस्ता, स्वतः चालवत घरी आणली.

त्याचे असे झाले. माझे आजोळ इंदूरचे. मामांचे सियागंजात किराण्याचे घाऊक दुकान होते आणि दुकानाची ही गाडी होती. मामांनी ती १९६२ साली जुनीच घेतलेली. आठवडाभर तिच्या हौद्यात गुळाच्या ढेपा आणि मिरचीची पोती असत. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र एक दिवस हौदा धुऊन सतरंजी अंथरली जाई आणि आम्ही दहा-बारा पोरे पाताळपाणीच्या सहलीला निघत असू. हौदा कितीही धुतला तरी फळ्यांत मुरलेली मिरची जात नसे. महूपर्यंत आम्ही शिंकत जात असू आणि परत येताना गाणी म्हणत. माझ्या लहानपणच्या सुखाला तेव्हापासून मिरचीचाच वास आहे.

मामा गेले, दुकान बंद झाले, गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. मामेभाऊ महिन्या-दोन महिन्यांनी ती सुरू करून अंगणात एक फेरी मारी, म्हणून ती जिवंत राहिली. यंदा वाडा बिल्डरकडे गेला. मामेभावाचा फोन आला, "दादा, मुंबईचं एक गिऱ्हाईक चार लाख द्यायला तयार आहे. तू नको म्हणालास तर त्याला देऊन टाकतो."

मी नको म्हणालो नाही. चार लाखांनाच घेतो म्हणालो. आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो व सौ.ला सांगितले, "अडीच लाखांना देतोय." सांगताना जीभ अडखळली नाही, याचेच मला पुढे अधिक वाईट वाटले. उरलेले दीड लाख माझ्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातून गुपचूप गेले. सौ.ने नेहमीप्रमाणे घरखर्चाची वही काढली आणि तिच्या वळणदार अक्षरात लिहिले : मामांची गाडी, रुपये २,५०,०००.

मामेभावाचे म्हणणे होते की गाडी मोठ्या ट्रकवर चढवून पाठवावी. त्यावर सौ. म्हणाली, "चालत नसेल तर घेतली कशाला?" प्रश्न बिनतोड होता. शिवाय तिने एक अट घातली. "मीही येणार. डाव्या बाजूला कोणीतरी शुद्धीवर असलेलं हवं!"

इंदुरात चार दिवस गेले. कागदपत्रे आणि ना-हरकत दाखला मामेभावाने आधीच मिळवून ठेवला होता. राहिला होता मिस्त्री. मामांच्या वेळच्या मिस्त्रीचा हा मुलगा, तोही आता सत्तरीचा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला खाते. म्हणून त्याने पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला. ब्रेकची रबरे बदलली, नवे टायर-ट्यूब चढवले. मग मला समोर बसवून त्याने शिकवणी घेतली.

या गाडीचे इंजिन सहा सिलिंडरचे, पण त्याच्या दट्ट्यांच्या दांड्यांना आजच्यासारखे जोराने तेल पोचत नाही. खाली तेलाच्या पन्हळी आहेत आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला छोटीशी पळी. दांडी खाली आली की पळी तेलात बुडते आणि तेल उडवते. कढईत पळी हळू फिरवावी, भलत्या वेगाने फिरवली की स्वयंपाक बिघडतो, तसेच हे. "काटा चाळिसाच्या वर न्यायचा नाही, भिया," मिस्त्री म्हणाला. काटा मैलांचा, म्हणजे ताशी साठ-पासष्ट किलोमीटर. वीज सहा व्होल्टची, दिवे समईसारखे. म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्काम. स्टार्टर पायाने दाबायचा. आणि पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, आसनाच्या पाठीमागे.

"म्हणजे आपण टाकीला टेकून बसायचं?" सौ.ने विचारले.

"होय, भाभी," मिस्त्री आदराने म्हणाला. "साहेबांनी विडी ओढायची नाही, एवढंच."

ही गाडी आपल्या मुंबईचीच असावी, असे मामा सांगत. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे गाड्या जोडल्या जायच्या. १९५४ साली तो बंद झाला. म्हणजे एका परीने मी तिला माहेरच्याच वाटेला लावीत होतो. वाटही जुनी, आग्रा-मुंबई रस्त्याची.

पहाटे पोहे-जिलबी खाऊन निघालो. मामेभाऊ फाटकाशी उभा होता. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो तिथून हलला नाही. शेड मागे रिकामे राहिले होते.

माळव्याचे पठार सरळ आणि सुखाचे. सोयाबीनची शेते पिवळी पडत चालली होती. मानपूरच्या पुढे मात्र जमीन एकदम पायाखालून निघून जाते. विंध्याचा उतार सुरू होतो आणि समोर निमाडचा तापलेला मुलूख उघडतो. मी दुसरा गिअर टाकला आणि मिस्त्रीची आज्ञा पाळली : ज्या गिअरने घाट चढाल, त्याच गिअरने उतरा. मागे मालट्रकांची रांग लागली. त्यांनी कर्णे वाजवले. मग जवळून जाताना गाडी पाहिली आणि हसून हात हलवले. धामणोदवरून महेश्वर हाकेच्या अंतरावर. पण आडवळण घेण्याचे धैर्य झाले नाही. अहिल्याबाईंना मनातल्या मनात नमस्कार केला. खलघाटला नर्मदेच्या पुलावर सौ.ने खिडकीतून नाणे टाकले. मी विचारले, काय मागितलेस? म्हणाली, "ब्रेक."

टोलनाक्यावर प्रत्येक ठिकाणी एकच सोहळा. टोलवाला आधी काचेवरची पट्टी शोधी, मग गाडीकडे पाही, मग मोबाइल काढून बाहेर येई. एकाने विचारले, "बाबूजी, कितने की पडी?" सौ. अभिमानाने म्हणाली, "ढाई लाख!" तो म्हणाला, "सस्ती है." मी गिअर टाकण्याची घाई केली.

सेंधव्याचा किल्ला मागे पडला आणि सातपुडा आला. बिजासनीमातेला सौ.ने नारळ फोडला आणि आम्ही घाट उतरू लागलो. हा उतार लांब. अवजड गाड्यांना पोटात गोळा आणणारा. तीन-चार वळणांनंतर माझ्या ध्यानात आले की ब्रेकचे पेडल दर वेळी आधीपेक्षा थोडे खाली जात आहे. ड्रम तापले की ते फुगतात आणि आतल्या पट्ट्यांना अधिक लांब जावे लागते, हे मिस्त्रीने सांगितले होते. सांगणे वेगळे आणि पायाखाली अनुभवणे वेगळे. मी गिअर पहिल्यावर आणला. इंजिन ओरडू लागले, पण गाडी बैलाच्या चालीवर आली. सौ. काही बोलली नाही. तिने फक्त खिडकीची कड धरली होती. तिची बोटे पांढरी झाली होती.

त्या पाच-सात मिनिटांत मला कसला विचार सुचावा? आपण गेलो तर वहीत अडीच लाखच राहतील, हा!

पळासनेरजवळ सपाटी लागली. चहाच्या टपरीशी गाडी उभी करून चाके निवू दिली. चहाचा पहिला घोट घेतला आणि मी सांगून टाकले. चार लाख. दीड लाख पेन्शनच्या खात्यातून. मुंबईचे गिऱ्हाईक होते, वेळ नव्हता वगैरे. सौ.ने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "चला. अंधाराआधी धुळे गाठायचंय ना?"

शिरपूर गेले, तापी ओलांडली, नरडाणा गेले, धुळे आले. या अवधीत ती जे बोलली ते पाणी, पिशवी आणि चष्मा या तीन विषयांवर. भांडण झाले असते तर मला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी मालेगाव सोडून राहुड घाट चढू लागलो. ऊन ऑक्टोबरचे. अर्ध्या चढावर इंजिनने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. स्टार्टर दाबला, नुसती घरघर. मी बॉनेट उघडून आत पाहत उभा राहिलो. पाहण्यापलीकडे मला काही येत नव्हते.

कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो पुढे जाऊन थांबला. चालक उतरून आला, नळीला हात लावला आणि म्हणाला, "वाफ धरली, काका. नळीतच पेट्रोलची वाफ झाली. फडकं आहे का, मावशी?" सौ.ने आपला नवा पंचा काढून दिला. तो भिजवून त्याने पंपाला आणि नळीला गुंडाळला, वर पाणी ओतले. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. "आता माथ्यापर्यंत मी मागं राहतो," तो म्हणाला. पुढे दोनदा थांबावे लागले. दोन्ही वेळा सौ. आधी उतरली, बाटली घेऊन, आणि तिसऱ्या खेपेला तर मी बॉनेट उघडण्यापूर्वीच तिचे हात पाण्याने ओले होते. माथ्यावर मी पाकीट काढले. टेम्पोवाल्याने हात मागे घेतला. "राहू द्या. या गाडीसंगं एक फोटो काढा, पोराला दाखवतो." सौ.ने त्याचा फोटो काढला. एक नव्हे, पाच काढले.

चांदवडला रेणुकादेवीसमोर थांबलो तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "पंचा चांगला होता हो तो." हे पहिले वाक्य ज्यात "हो" होते. मला फार बरे वाटले.

नाशकात मेहुणीकडे मुक्काम. पानावर बसताच तिने विचारले, "भावोजी, केवढ्याला पडली?" सौ. भाजी वाढत म्हणाली, "त्यांनाच विचार." मी सांगितले, "चार लाख." घरात थोडी शांतता झाली. सौ.ने मला आणखी भाजी वाढली.

तिसऱ्या दिवशी संगमनेरपर्यंत आभाळ मोकळे होते. चंदनापुरीच्या घाटात परतीच्या पावसाने गाठले. या गाडीचे वायपर विजेवर नाहीत, इंजिनच्या ओढीवर चालतात. चढावर पेट्रोलचा पाय दाबला की ती ओढ कमी होते आणि वायपर काचेच्या मध्यावर उभे राहतात. पाय काढावा तर काच पुसली जाते, पण गाडी थांबू लागते. पाय दाबावा तर गाडी चालते, पण दिसत नाही. मी दोन-तीन वेळा हा प्रयोग केल्यावर सौ. हसू लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. शेवटी कडेला उभे राहून पाऊस ओसरण्याची वाट पाहिली. पत्र्यावर सरी वाजत होत्या, आणि ओल्या हौद्याच्या फळ्यांतून, माझी शपथ, मिरचीचा वास येत होता.

तेव्हा ती बोलली. "पैशांचं मला वाईट वाटलं नाही. तुमचं पेन्शन, तुमची मामांची गाडी. तुम्ही चार लाख म्हणाला असतात तर मी कुरकुर केली असती आणि मग हो म्हणाले असते. पण छत्तीस वर्षं ती वही मी लिहिते आहे. आपण दूध बंद केलं तेव्हाचे आकडे आहेत त्यात, मुलांच्या फिया आहेत, तुमच्या आईच्या औषधांचे आहेत. एकही आकडा खोटा नव्हता. पहिला खोटा आकडा तुम्ही माझ्या अक्षरात लिहवून घेतलात."

यावर काय उत्तर द्यायचे? मी दिले नाही. पाऊस कमी झाल्यावर तिनेच आपल्या रुमालाने आतून काच पुसली आणि म्हणाली, "चला."

आळेफाटा, नारायणगाव, मंचर करीत चाकणला आलो. इथे दोन्ही बाजूंना मोटारींचे कारखाने. पलीकडे तळेगावला शेव्हरोलेटच्या नावाच्या गाड्या बनत होत्या. तो कारखाना २००८ साली सुरू झाला. २०१७ साली त्या गाड्यांची देशातली विक्री थांबली आणि २०२० च्या अखेरीस उत्पादनही. त्या नाक्यावरून मामांची गाडी आपल्या चालीने, काट्यावर पस्तीस मैल राखून, पुढे गेली. मला उगीचच मामांची आठवण झाली. तेही असेच, घाई करीत नसत आणि थांबतही नसत.

सोसायटीच्या फाटकात पोरांनी वेढा घातला. पाच मिनिटांत हौदा भरला आणि मला आवारात तीन फेऱ्या माराव्या लागल्या. एक मुलगा शिंकला. मी त्याला काही सांगितले नाही.

गाडी माझ्या नावावर झाली आहे. कागद तसे म्हणतात. पण राहुड घाटानंतर ती एकट्या माझी आहे असे म्हणायला मी धजत नाही.

रात्री जेवणे झाल्यावर सौ.ने वही काढली. २,५०,००० वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिले : ४,००,०००. मग चष्मा सारखा करून ती एकेक ओळ लिहीत गेली आणि मी सांगत गेलो. पेट्रोल, लिटरला सहा किलोमीटरांच्या हिशेबाने. टोल. मिस्त्री. धुळ्याचे लॉज. नारळ. पळासनेरचा चहा, दोन कप. पंचा एक, नवा.

शेवटी तिने लिहिले : कांद्याचा टेम्पोवाला. आणि आकड्याच्या जागी क्षणभर थांबून, एक छोटी आडवी रेघ काढली.