मागच्या बाकाची मोजदाद

दहावीचा निकाल जाहीर झाला की आपल्या शाळांच्या प्रवेशद्वारांवर रंगीत फलक झळकू लागतात. 'शंभर टक्के निकाल' ही अक्षरे त्यांवर सर्वांत मोठी असतात आणि त्याखाली पहिल्या पाच विद्यार्थ्यांची छायाचित्रे. रविवारी मिस्सा आटोपल्यावर लोक त्या फलकापाशी थांबतात, ओळखीचे चेहरे शोधतात, आईबापांचे अभिनंदन करतात. या अभिमानात गैर काही नाही. वाडीत आणि होडीवर राबणाऱ्या, स्वतः अंगठा उठवणाऱ्या पिढीने पै पै जमवून या शाळा उभ्या केल्या. त्यांच्या नातवंडांनी उत्तम गुण मिळवावेत, यापरते त्या कष्टांचे दुसरे फळ कोणते?

मात्र शंभर टक्के म्हणजे कोणाचे शंभर टक्के, हा प्रश्न मला अलीकडे स्वस्थ बसू देत नाही. परीक्षेला जितके बसले तितके उत्तीर्ण झाले, एवढेच तो आकडा सांगतो. पाचवीत जितके होते त्यांपैकी किती जण दहावीपर्यंत पोहोचले, हे तो सांगत नाही. एका शाळेत नववीच्या अखेरीस काही पालकांना बोलावून, "मुलाला पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा," असे गोड शब्दांत सुचवले जाते, हे मी त्या पालकांच्याच तोंडून ऐकले आहे. मूल बाहेर जाते आणि शाळेचा निकाल शुभ्र राहतो. फलकावर या मुलाचा उल्लेख नसतो. हजेरीपटावरून त्याचे नाव त्याआधीच गेलेले असते.

ही गळती नववीत दिसते खरी, परंतु तिचे मूळ फार खाली असते. घरभेटींच्या वेळी मी मुलांकडून पुस्तकातील एखादा उतारा वाचून घेतो. सहावीतल्या एका मुलाने मराठीचा धडा इतक्या खणखणीत आवाजात वाचला की त्याच्या आईचे डोळे भरून आले. मी त्याच्यासमोर आपल्या धर्मग्रामाच्या वार्तापत्राचे पान ठेवले. तो थांबला, पहिल्या शब्दाची दोन अक्षरे त्याने जुळवली आणि मान खाली घातली. धडा त्याला पाठ होता. वाचता येत नव्हते. आई म्हणाली, "फादर, दरवर्षी तो पास होतोय ना? मग वाचता येत नाही असं कसं होईल?" त्या माऊलीचा प्रश्न अगदी रास्त होता. सहा वर्षे त्याच्याविषयी कागदावर बरेच काही नोंदले गेले. त्याला वाचता येते का, एवढे मात्र कोणी पाहिले नाही.

आणि नोंदी तर उदंड आहेत. शिक्षकांच्या खोलीत पाच मिनिटे बसले तरी कळते की संगणकावर माहिती भरता भरता बाई आणि सर कसे मेटाकुटीला आले आहेत. पटसंख्या, हजेरी, पोषण आहार, मुलांचे आधार क्रमांक, इमारतीच्या खोल्या: सारे काही भरावे लागते. एक ज्येष्ठ शिक्षिका मला म्हणाल्या, "फादर, आमच्याकडून माहिती वर जाते, वरून आमच्यासाठी काही खाली येत नाही." या एका वाक्यात सारे दुखणे सामावले आहे. वरच्या कार्यालयासाठी गोळा होणारी माहिती प्रशासनाच्या उपयोगाची असेल. उद्या सकाळी वर्गात काय बदलायचे, हे जिच्यामुळे कळेल ती माहिती निराळी असते आणि ती गोळा करण्याची रीतही निराळी.

त्या रीतीचा एक ठळक दाखला आपल्या मुंबईतच आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यास डॉ. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईच्या वस्त्यांतील मुलांसाठी 'प्रथम' ही संस्था उभी केली. तिच्या उपक्रमांपैकी एक 'बालसखी'. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली एखादी तरुणी थोडेसे प्रशिक्षण आणि अल्प मानधन घेऊन महापालिकेच्या शाळेत येई. तिसरी-चौथीच्या वर्गातील मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज दोन तास बाजूला घेऊन बसे आणि त्यांना अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी शिकवी. उरलेली मुले तेवढा वेळ आपल्या शिक्षकांकडे शिकत.

उपक्रम चांगला आहे, असे सर्वांनाच वाटत होते. परंतु वाटणे आणि असणे यांत अंतर असते. वर्षभरात मूल पुढे गेले, तर ते बालसखीमुळे गेले की नुसते वर्षाने मोठे झाल्यामुळे, हे कसे ठरवावे? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१पासून मुंबई व वडोदरा येथील शाळांमध्ये पाहणी केली. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, त्यांच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर. या कार्यासाठी ते पुन्हा याच महानगराच्या शाळांपर्यंत आले, हा योगही सुखद म्हणावा.

त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. कोणत्या शाळेत बालसखीने तिसरीला शिकवायचे आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे एक प्रकारे चिठ्ठ्या टाकून ठरवण्यात आले. त्यामुळे कोणतीही शाळा मदतीवाचून राहिली नाही. तरीही ज्या इयत्तेला बालसखी मिळाली आणि जिला मिळाली नाही, अशा दोन्ही प्रकारच्या वर्गांची तुलना करता आली. मुलांवर प्रयोग करणे न्याय्य आहे का, असा आक्षेप आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. माझ्या मते, न तपासलेली पद्धत वर्षानुवर्षे मुलांवर लादणे हादेखील एक प्रयोगच आहे. फक्त त्याचा निकाल कोणी लिहून ठेवत नाही.

पंधरा हजारांहून अधिक मुलांचा समावेश असलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. बालसखीमुळे वर्गाची सरासरी पहिल्या वर्षी वाढली, दुसऱ्या वर्षी आणखी वाढली. दुसऱ्या वर्षीची वाढ ०.२८ प्रमाण विचलन एवढी होती. हा शब्द कानाला खडबडीत वाटतो, म्हणून उदाहरण देतो. शंभर मुले गुणांच्या चढत्या क्रमाने रांगेत उभी केली, तर अशा वाढीने पन्नासाव्या जागेवरचे मूल सुमारे एकसष्टाव्या जागेवर पोहोचते. शिवाय या प्रगतीचा मोठा वाटा अगदी मागे असलेल्या मुलांच्या पदरी पडला.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. पंधरा-वीस मुले बाहेर गेल्याने उरलेला वर्ग रोज दोन तास लहान होत होता. वर्ग लहान झाला की मुले अधिक शिकतात, अशी आपली समजूत. परंतु मागे राहिलेल्या त्या मुलांच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिक्षक तेच, पुस्तक तेच, शिकवण्याची तऱ्हा तीच. बाके काही रिकामी झाली, इतकेच. बालसखीचा गुण केवळ लहान गटात नव्हता. मूल जिथे आहे तिथून ती सुरुवात करीत होती.

केनियाच्या पश्चिम भागातील एका अभ्यासातही असेच काहीसे आढळले. पुस्तकांची चणचण असलेल्या शाळांना मायकल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात क्रमिक पुस्तके मिळतील अशी व्यवस्था केली. सर्वांना लाभ होईल, ही अपेक्षा. प्रत्यक्षात सरासरी गुण वाढले नाहीत. आधीच हुशार असलेली मुले तेवढी पुढे गेली. कारण शोधता लक्षात आले की पुस्तके इंग्रजीत होती आणि ती भाषा बहुतेक मुलांची तिसरी भाषा होती. ज्याला वाचता येते त्यालाच पुस्तकाचे दान पावते. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर या तिघांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे अशा कामांची बैठक होती.

मूल कुठे आहे हे ओळखण्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. 'प्रथम'च्याच पुढाकाराने २००५पासून ग्रामीण भारतात 'असर' ही पाहणी होत आली आहे. तिच्यात कार्यकर्ते घरोघरी जातात आणि मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. कागदावरची कोणती पायरी मूल चढू शकते, हे काही मिनिटांत कळते. २०१८ साली पाचवीतील ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची ती गोष्ट वाचता आली. कोरोनाकाळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर घसरले. आमच्या त्या सहावीतल्या मुलाचे खाली गेलेले डोळे मला या आकड्यांमागे दिसतात. तो एकटा नाही.

आपल्यासारख्या धर्मग्रामांना उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याचा अनुभव विशेष उपयोगी ठरावा. तिथे २००५-०६च्या सुमारास एका अभ्यासात काही गावांत सभा भरवून लोकांना शिक्षण समितीच्या अधिकारांची माहिती दिली गेली. मुलांच्या वाचनाचे वास्तवही पुढे मांडले गेले. भाषणे झाली, माना डोलल्या, शाळेत मात्र काही बदलले नाही. याउलट ज्या गावांत तरुणांना वाचन शिकवण्याचे सोपे तंत्र देऊन शाळेबाहेर विनावेतन वर्ग चालवले गेले, तिथे वर्गाला आलेली मुले वाचू लागली. त्या वर्गांना आलेली मुले थोडीच होती, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे नुसती जागृती पुरत नाही. काय करायचे ते हातात ठेवावे लागते, आणि ज्याला खरी गरज आहे त्याला घरातून उठवून आणावे लागते.

अनुभवाने पद्धत तपासून घेण्याची ही वृत्ती आपल्या परंपरेला परकी नाही. सेमिनरीत शिक्षणाचा इतिहास शिकताना जेझुइटांच्या 'रात्सिओ स्तुदिओरुम' या अध्यापनसंहितेची ओळख झाली, तेव्हा तिची एक गोष्ट मला फार आवडली होती. जनरल क्लाउदिओ अक्वाविवा यांच्या कारकिर्दीत तिचा पहिला मसुदा १५८६ साली तयार झाला आणि तो निरनिराळ्या प्रांतांकडे अभिप्रायासाठी धाडण्यात आला. सुधारलेला मसुदा १५९१ साली निघाला व प्रत्यक्ष वापरून पाहण्यात आला. शाळांतून आलेल्या सूचना विचारात घेऊन अंतिम संहिता १५९९ साली जाहीर झाली. रोममध्ये बसलेल्या विद्वानांनी तेरा वर्षे वर्गातल्या शिक्षकाचे ऐकून घेतले!

अर्थात आकड्यांनाही मर्यादा आहेत. बालसखीचा उपक्रम संपून वर्ष लोटल्यावर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा मागे असलेल्या त्या मुलांचा लाभ टिकून होता खरा, पण तो बराच विरला होता. औषध थांबवल्यावर गुण ओसरावा, तसे. आणि दुसरा धोका अधिक मोठा. मोजण्याचे साधन शाळेला गुण देण्याचे वा शिक्षकाला धाक घालण्याचे साधन झाले की ते खोटे बोलू लागते. सतरा नंबरचा फॉर्म हे त्याचेच उदाहरण. निकालाची टक्केवारी शाळेची प्रतिष्ठा ठरवू लागली, तेव्हा टक्केवारी सांभाळली गेली आणि मूल सुटले. म्हणून वाचनाची पायरी ज्या कागदावर लिहायची, तो कागद वर्गशिक्षकाच्या खणातच राहावा. मुख्याध्यापकांच्या भिंतीवर तो लागू नये, असे मला आग्रहाने वाटते.

आमच्या धर्मग्रामात मे महिन्याच्या सुटीत दोन निवृत्त शिक्षिका, एक सिस्टर आणि युवा गटातील काही मुलेमुली यांनी हे काम हाती घेतले. तिसरी ते सहावीच्या प्रत्येक मुलाला त्यांनी एकेकटे बोलावून वाचायला लावले. नंतर इयत्ता बाजूला ठेवून पायरीप्रमाणे गट केले. सहावीचा मुलगा तिसरीच्या मुलीशेजारी बसला. पहिले दोन दिवस त्याला लाज वाटली, पुढे खेळांच्या नादात तो ती विसरला. दर आठवड्याच्या शेवटी पुन्हा तोच छोटा कागद. बहुतेक मुले एखादी पायरी वर चढली. जी हलली नाहीत, त्यांच्यातील एका मुलीला फळ्यावरचे नीट दिसतच नव्हते, हे सिस्टरांच्या ध्यानात आले. चष्मा मिळाल्यावर तिची गोष्टच वेगळी झाली. तिच्या प्रगतिपुस्तकात तीन वर्षे 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा होता.

तो धडा पाठ करणारा मुलगा परिच्छेदापर्यंत आला आहे. गोष्टीपर्यंत अजून पोहोचायचा आहे. सुटी संपली म्हणून त्याचे वाचन थांबू नये, यासाठी एक कॉलेजकुमार शनिवारी त्याच्या घरी जातो.

शाळा पुन्हा सुरू होत आहेत. पालकसभेला आपण जाल, तेव्हा आपल्या मुलाचा क्रमांक विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात, अशी माझी विनंती आहे. माझे मूल न पाहिलेले पान वाचू शकते का? या वर्गात किती मुलांना ते जमत नाही? आणि त्या मुलांसाठी आठवड्यातले कोणते तास राखून ठेवले आहेत? शिक्षकांवर रागावून हे विचारू नये. त्यांनाही हे कोणी कधी विचारलेले नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र घरीच मिळेल. आज रात्री जेवणानंतर हे त्रैमासिक मुलाच्या हाती द्या, कोणतेही पान उघडा आणि शेजारी बसून ऐका.