जेठालाल आणि नट्टूकाकांचा पगार

विनोदी मालिकेच्या नायकात एखादी खोट असावीच लागते. सद्गुणाच्या पुतळ्याला हसणार तरी कोण? चि. वि. जोशींचा चिमणराव घाबरट नसता, तर त्याला गुंड्याभाऊची गरजच पडली नसती. 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मधल्या जेठालाल चंपकलाल गडाकडे अशा खोटींची पेटीच आहे. तो सकाळी वेळेवर उठत नाही, पैशाला चिकट आहे, चटकन चिडतो आणि शेजारच्या बबिताजी दिसल्या की विरघळतो. २८ जुलै २००८ रोजी सब टीव्हीवर मालिका सुरू झाली तेव्हा याच खोटींमुळे तो घराघरात लाडका झाला. पुढे बऱ्याच घरांत तो नकोसा झाला, तोही याच खोटींमुळे.

मूळ मजकूर गुजरातीतला. तारक मेहता यांचं 'दुनियाने ऊंधा चश्मा' हे सदर १९७१पासून 'चित्रलेखा' साप्ताहिकात येत असे. सदराला आठवड्याची उसंत मिळते, मालिकेला ती नाही. पडद्यावर जेठालाल उभा केला दिलीप जोशी यांनी. त्यांना आधी चंपकलालची, म्हणजे जेठालालच्या बापाची, भूमिकाही देऊ केली होती. त्यांनी ती घेतली नाही, हे बरंच झालं. 'बापूजीं'ची हाक आली की या नटाचे खांदे आपोआप पडतात, आवाज बारीक होतो आणि एवढा वेळ दुकानात गरजणारा शेठ क्षणात शाळकरी पोर होतो. ती दोन सेकंदं लिहून देता येत नाहीत.

नांदेड-लातूरकडे या हिंदी मालिकेला रुजायला वेळ लागला नाही. निजामाच्या राज्यात पिढ्या गेल्यामुळे इथल्या कानाला हिंदी-उर्दू परकी नाही, आणि बाजारात मराठीइतकीच हिंदीही चालते. त्यातून जेठालाल दुकानदार. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत असा शेठ शोधायला लांब जावं लागत नाही: गल्ल्यावर बसलेला, गिऱ्हाईक आलं की गोड, नोकराकडे वळला की तिखट. जेठालालच्या गोकुळधाम सोसायटीचे सेक्रेटरी आत्माराम तुकाराम भिडे हे मराठी मास्तर मात्र इकडे जरा अविश्वसनीय वाटत. ट्यूशन घेणारा सर अजून जुन्या स्कूटरवर फिरतो आणि महागाईच्या नावाने बोटं मोडतो, हे शिकवण्यांच्या बाजारातल्या लातूरच्या पोरांना कसं पटावं?

भारनियमनाच्या त्या वर्षांत रात्री साडेआठला लाइट असणं हाच अर्धा आनंद होता. उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूरच्या घरांत डिश लागली होती आणि जेवणाची ताटं टीव्हीसमोर येत होती. दहा वर्षांच्या पोराला जेठालाल आवडे तो त्याच्या मुलाच्या, टप्पूच्या बाजूने. मोठा माणूसही मार खातो, खोटं बोलतो, बापाला भितो, याचा त्या वयात केवढा दिलासा! बबिताजींचं प्रकरण त्याच्या डोक्यावरून जाई. ते आजीच्या नजरेतून मात्र सुटत नसे. "घरात एवढी गुणाची बायको हाय, मग ह्यो तिकडं काय बघायलाय?" असं ती म्हणे आणि तरीही हसे. अशा आज्या मराठवाड्यात घरोघर होत्या.

ती हसत असे, कारण जेठालालला प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागे. त्याच्याभोवती तीन माणसं उभी होती. दयाचा भाबडेपणा इतका निर्मळ, की नवऱ्याच्या चोरट्या नजरेची तिला कधी शंकाच येत नसे आणि त्यामुळे लाज प्रेक्षकाला त्याच्या वतीने वाटे. चंपकलाल त्याला चारचौघांत झापत. मित्र मेहतासाहेब म्हणजे त्याची 'फायर ब्रिगेड': आग विझवत आणि जाता जाता कानही उपटत. भाग संपेपर्यंत जेठालाल तोंडघशी पडलेला असे. हिशेब चुकता झाला की प्रेक्षक माफ करून मोकळा.

हे टेकू एकेक करून निघाले. २०१७मध्ये दया साकारणाऱ्या दिशा वकानी बाळंतपणासाठी गेल्या त्या परतल्याच नाहीत. मालिकेतली दया अहमदाबादेत माहेरी राहिली. तिच्या येण्याच्या वावड्या उठवून कथानकं लांबवली गेली आणि दर वेळी प्रेक्षकाची फसगत झाली. बायको वर्षानुवर्षं माहेरी आणि नवरा बाल्कनीतून बबिताजींची वाट बघतोय, हे चित्र २०१०मध्ये गमतीचं होतं, कारण शेजारी दया उभी होती. आता ते नुसतंच ओशाळवाणं दिसतं. जेठालाल बदलला नाही, त्याच्या बाजूची जागा रिकामी झाली. २०२२मध्ये मेहतासाहेब साकारणारे शैलेश लोढा मालिका सोडून गेले. सचिन श्रॉफ मेहतासाहेब झाले, पण जुन्या दोस्तीतला हक्काचा दरारा नव्या चेहऱ्याला आयता मिळत नाही. मार्च २०२०मध्ये तर खुद्द चंपकलालच्या तोंडी मुंबईची भाषा हिंदी असल्याचं वाक्य आलं. मनसेने आक्षेप घेतला आणि निर्माते असित कुमार मोदी यांना माफी मागावी लागली. इतरांचे कान धरणाऱ्या म्हाताऱ्याचेच कान धरायची वेळ आली.

काही वेळा खोट काढून टाकूनही बघितलं गेलं. 'ए पागल औरत' हे दयाला उद्देशून दिलीप जोशींनी सेटवर सहज उच्चारलेलं वाक्य चांगलंच गाजलं होतं. बायकांचा अपमान होतो अशी हरकत आल्यावर ते थांबवावं लागलं, असं त्यांनीच एका मुलाखतीत सांगितलं आहे. हरकत रास्त होती. मात्र अशी वाक्यं गेली की त्या जागी काहीतरी यावं लागतं, आणि रोजचा भाग ओढताना ते कुणाला सुचत नाही. मग उरतं ते संकट, आरडाओरड, पार्श्वसंगीताचा दणका आणि उद्यावर ढकललेला खुलासा.

एवढं होईपर्यंत ते दहा वर्षांचं पोर कुठे पोचलं होतं? अकरावीला लातूरला आलं, कॉट बेसिसच्या खोलीत टीव्ही नव्हता, म्हणून मेसमध्ये वरण-भात खाता खाता भिंतीवरचा जेठालाल बघू लागलं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या दिवसांतही मेसचा तो टीव्ही चालूच होता. नंतर स्वस्त डेटा आला आणि जेठालाल खिशात गेला. मग पुणे, नोकरी, वर साहेब. इथे त्याचं लक्ष पहिल्यांदा नट्टूकाकांकडे गेलं.

गडा इलेक्ट्रॉनिक्समधला हा म्हातारा मॅनेजर वर्षानुवर्षं पगारवाढ मागतो आणि शेठ दर वेळी विषय टाळतो. मालिकेतला हा सगळ्यात घोटलेला विनोद. लहानपणी त्यावर खो खो हसलेल्या माणसाने स्वतः अप्रेझलची वाट बघितली की हसू अर्ध्यावर थांबतं. त्यात ती भूमिका करणारे घनश्याम नायक, भवाई आणि गुजराती रंगभूमीवर हयात घालवलेले नट, ३ ऑक्टोबर २०२१ रोजी कर्करोगाने गेले. त्यानंतर जुना भाग लागला की शेठचं ते ऐकू न आल्यासारखं करणं चक्क दुष्टपणाचं वाटतं. लेखकाने तसं काहीच योजलं नव्हतं. बबिताजींपेक्षाही जेठालाल इथे जास्त मनातून उतरतो, कारण लंपटपणाला निदान बबिताजींच्या नवऱ्याची, अय्यरची एक खाऊ की गिळू नजर असते. पगार दाबणाऱ्याकडे रागाने बघायला गोकुळधाममध्ये कुणी नाही.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवड्यातून एकदा येई आणि २००५च्या सुमारास ती मालिका थांबली. तिच्यातले आबा कुणाला नकोसे व्हायला वेळच मिळाला नाही. 'तारक मेहता'ने २०२०मध्ये तीन हजार भाग ओलांडले आणि ती पुढे चालतच राहिली. १९६८ साली जन्मलेले जोशी चाळिशीत जेठालाल झाले, आता साठीकडे झुकले आहेत, तरी पात्राने त्याच बाल्कनीत त्याच लाडिक आवाजात हाक मारायची आहे.

नांदेड-लातूरच्या प्रेक्षकाने यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. तो नवा भाग लावत नाही. मोबाइलवर २००९-१०चे जुने भाग लावतो, ज्यांत दया गरबा खेळते, बापूजी झापतात आणि नट्टूकाका पगार मागतात. त्याच्या शेजारी बसून त्याचं पोरही बघतं. त्याला सगळंच नवं आहे आणि तूर्तास ते टप्पूच्या बाजूने आहे.