दहा वाजता बंद

आमच्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम आहेत. आज्या साचे म्हणतो, आम्ही लूम म्हणतो. सगळे एकदम सुरू झाले की शेजारचा काय बोलतो ते त्याच्या ओठावरून ओळखायचं. भिवंडीत मला सात वर्षं झाली. सुट्टीला कळंबला आलो की आई म्हणते, घरात एवढा वरडून का बोलतो रं? तिला वाटतं पोरगा संतापलाय. संतापलेला मी असतोच, पण वरडतो तो कानामुळं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं आवाजानं येणारं बहिरेपण कामगारांच्या रोगांच्या यादीत घातलं होतं. यादी मी वाचनालयात बघितली. शेठनं बघितली नसावी.

असल्या कानांचा माणूस तिकीट काढून रॉकच्या जलशाला गेला, म्हणून मंडळातल्या पोरांनी तोंडं वाकडी केली. एक म्हणाला, तेवढ्या पैशात किती पुस्तकं आली असती. दुसरा म्हणाला, जयंतीची वर्गणी अजून बाकी आहे तुझी. वर्गणी बाकी होती, हे खरं. तिसऱ्यानं तर थेट महाडच काढलं. १९२७ साली पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे पैसे सत्याग्रहाला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, कारण त्या पैशापायी आपल्या पवळाला फडावर नाचावं लागत होतं. गोष्ट मला माहीत होती. पण मी कुणाला नाचवायला चाललो नव्हतो. मी चाललो होतो एका तुटलेल्या बोटापायी.

माझ्या लूमशेजारी आझमगडकडचा एक पोरगा होता. गेल्या पावसाळ्यात त्याचा हात दातेरी चाकात गेला. दोन बोटांची टोकं गेली. रक्त कापडावर उडालं. मुकादमानं आधी तेवढं कापड कापून बाजूला काढलं, मग रिक्षा बोलावली. मालकानं हातात पाच हजार ठेवले आणि गावाकडं जा म्हणाला. गेला तो.

हे मी पुण्यात होस्टेलला राहणाऱ्या एका मित्राला सांगितलं. तो गिटार वाजवतो. जरा वेळ गप्प बसला. मग मोबाईलवर एक गाणं लावून म्हणाला, ऐक. ह्या वाजवणाऱ्याची पण दोन बोटं अशीच गेली.

टोनी आयोमी त्याचं नाव. इंग्लंडातलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं शहर. हा पत्र्याच्या कारखान्यात, वय १७. नोकरी सोडायचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी यंत्राखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं उडाली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. सगळं संपलं म्हणून बसला होता. तेव्हा कारखान्यातल्या मुकादमानंच त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. हा जँगो दोन बोटांवर गिटार वाजवणारा जिप्सी. (मुकादम असे पण असतात म्हणायचे!) आयोमीनं साबणाच्या प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणं केली. बारीक तारा लावल्या. पुढं त्या सैल केल्या, म्हणून सूर खाली उतरला, जड झाला. १९७० साली ब्लॅक सबाथची पहिली तबकडी निघाली आणि तो जड सूर जगभर गेला. त्यांचा गाणारा ऑझी ऑस्बर्न खाटीकखान्यात राबलेला. जुलै २०२५ मध्ये तो वारला.

दोस्तहो, रॉक म्हणजे बड्या बापाच्या पोरांचा धिंगाणा असं मला कुणी म्हणलं असतं तर मी मान डोलावली असती. पण ते गाणं मी रातपाळीत, कानात बोंडं खुपसून, चालू लूमसमोर उभा राहून ऐकलं. खटाखट आणि गिटार एकमेकांत अडकून चालले होते. आपल्या कामाच्या आवाजाला कुणीतरी सूर लावलाय, असं वाटलं. त्या रात्री धागा किती वेळा तुटला ते आठवत नाही.

मग खणत गेलो. रॉकच्या मुळाशी मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यातला काळा माणूस सापडला. मडी वॉटर्स मळ्यावर राबत होता. १९४३ ला शिकागोत आला आणि कागदाच्या कारखान्यात लागला. १९६९ च्या ऑगस्टात वुडस्टॉकला चार लाख माणूस पावसाचिखलात बसलं, ते जगाला माहीत आहे. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्याच हार्लेममध्ये सहा रविवार काळ्यांचा जलसा झाला. तीन लाखांच्या घरात माणूस लोटलं. तिथं बंदोबस्ताला ब्लॅक पँथरची पोरं उभी राहिली. वुडस्टॉकचा सिनेमा १९७० ला लागला. हार्लेमचं चित्रण पन्नास वर्षं पडून राहिलं, २०२१ ला त्याचा सिनेमा झाला. पँथर हे नाव १९७२ ला मुंबईत कुणी उचललं, ते तुम्हाला मी सांगावं असं नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यात पण वुडस्टॉकची नक्कल झाली होती. १९७१ साली, मळवलीला, 'स्नेहयात्रा' म्हणून. आज्याला विचारलं. तो म्हणाला, आम्हाला कोण आवतान देणार? तुझी आजी पुढच्या साली दुष्काळात खडी फोडत होती.

आज्या मुंबईत गिरणीला होता. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेला तो परत खात्यात गेला नाही. अडीच लाख माणूस होतं संपात. कळंबला येऊन त्यानं दुसऱ्याच्या उसात नि कांद्यात दिवस काढले. मी त्याला एकदा सांगितलं, लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ ला ब्लू फ्रॉग नावाची जागा निघाली होती, तिथं रात्री रॉकवाले वाजवायचे. २०१६ ला ती पण बंद पडली. आज्यानं एकच विचारलं, 'भोंगा वाजवत व्हते का?'

तर जलसा. नाव घेत नाही. पुण्याबाहेर एक मोकळा माळ. तिकीट तीन हजाराला एक रुपया कमी, म्हणजे माझ्या सहा पाळ्या. मंदीमुळं शेड आठवडाभर बंद होती, मी कळंबलाच होतो. सकाळच्या एसटीनं निघालो. मंचर, खेड, चाकण करत साठ-सत्तर किलोमीटर. पांढरा शर्ट घातला होता. तिथं सगळे काळे बनियन घालून आलेले. मी एकटाच लग्नाला आल्यासारखा.

फाटकावर पाण्याची बाटली काढून घेतली. मनगटात एक पट्टा बांधला. पैसे त्या पट्ट्यात भरायचे, रोख चालत नाही. आत पाणी ऐंशी रुपये. आणि एक पोरगी टोपलीतून स्पंजची बोंडं वाटत होती, फुकट. म्हणलं हे काय? म्हणाली, दादा, आवाज मोठा असतो ना, कानांना त्रास होतो. दोन तास गाणं ऐकायचं तर एवढी काळजी! मी दोन जोड मागून घेतले. एक अजून खिशात आहे.

मंचासमोर लोखंडी कठडे. कठड्याच्या पुढं जास्त तिकिटाची माणसं, त्यांच्यात निम्मी पाठ करून उभी, स्वतःचे फोटो काढत. आम्ही मागं. मागून माणूस अंगठ्याएवढा दिसतो. पडद्यावर मोठा दिसतो, पण पडदा मोबाईलमध्ये होताच की. मला आवाज हवा होता. छातीत शिरणारा. लोक कान दाबत होते आणि मला तो कमी वाटत होता. सात वर्षांत शेठनं माझं एवढं नुकसान केलंय, हे मला त्या माळावर कळलं. शेडमध्ये कळत नाही.

दुपारी साडेचारला एका कडेच्या छोट्या मंचावर 'फ्युजन' होतं. मध्ये गिटारवाला, दोन बाजूंना फेटे बांधून दोघं. एक ढोलकीवाला, एक हलगीवाला. आभाळ भरून आलेलं, हवा ओली. हलगी ओल्या हवेत सैल पडते, तिला शेकावी लागते. हलगीवाला मंचामागं चार कागद पेटवायला गेला तर रखवालदार धावत आला, इथं आग चालत नाही म्हणून. तशीच मऊ हलगी घेऊन उभा राहिला बिचारा. ढोलकीपुढचा माईक बंदच. गिटारवाला डोळे मिटून रंगात आलेला. ढोलकीवाल्याचे हात हलताना दिसत होते, आवाज नाही. त्यानं दोनदा माईककडं बोट केलं, मग सोडून दिलं. पण हात थांबवले नाहीत. पंधरा मिनिटं तो बिनआवाजाचा वाजवत होता. तीसपस्तीस माणूस समोर, टाळ्या पडल्या.

जनरेटरमागं तो वडापाव खाताना सापडला. पन्नाशीचा असेल. मी जयभीम केला, त्यानं पण केला. कुठले म्हणलं, तर नारायणगाव. पाडव्याच्या आधी तिथं तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात, त्या राहुट्यांत याचं आयुष्य गेलेलं. 'कळंबच्या जत्रेला वाजवलंय की म्या,' म्हणाला. '२०२० गेलं, २०२१ गेलं. दोन सीझन सुपारी न्हाई. नारळ इकले, भाजी इकली. आता जत्रंला बोलावत्यात, तर पोलीस धाला बंद करत्यात. गण, गवळण झाली का बंद. वगाला येळच न्हाई. वग तोंडपाठ आसलेली माणसं बसून हायेत.' विठाबाईंचं नाव मी काढलं. त्यानं कानाची पाळी धरली. १९५७ आणि १९९० ला राष्ट्रपतींच्या हातनं मानसन्मान घेतलेली, मंचामागं बाळंत होऊन परत मंचावर उभी राहिली असं जिच्याबद्दल सगळा मुलूख सांगतो ती बाई. २००२ ला गेली, शेवटी हलाखीत. तो म्हणाला, 'तिच्या टायमाला माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला आईकू जायचं.'

मग म्हणाला, 'आणि तू रं? कामावर हाईस का हितं?'

'न्हाई, बघाय आलोय.'

'केवढ्याला तिकीट?'

मी म्हणलं, पास मिळाला. का खोटं बोललो? त्याला तीन हजार कबूल केले होते आणि ते पण अजून हातात पडले नव्हते. माझ्या मनगटातला पट्टा मी शर्टाच्या बाहीत सारला.

सहाला पाऊस आला. अवकाळी. वुडस्टॉकच्या चिखलाचं कौतुक वाचलं होतं मी. खरा चिखल म्हणजे चपलेचा अंगठा तुटतो आणि माणूस एका पायानं उभा राहतो. दीड तास सगळं बंद. यंत्रांवर प्लास्टिक टाकलं, माणसांवर नाही. झाडूवाल्या बाया तेवढ्या मात्र पावसात प्लास्टिकचे पेले गोळा करत फिरत होत्या. त्यांच्या मनगटात पट्टे नव्हते.

मी ज्यांच्यासाठी गेलो होतो ते जड सुराचे वाजवणारे शेवटी होते. साडेआठचे पावणेदहाला आले. सुरुवात केली आणि खरं सांगतो, पहिल्या घावाला माझ्या अंगावर काटा आला. माळावरचा सगळा चिखल हलला. पुढं, अगदी कठड्याजवळ, मी ढकलत गेलो. दुसरं गाणं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर दहा वाजले आणि आवाज गेला. दिवे चालू, माणसं वाजवतायत, आवाज नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम: रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. वर्षातले पंधरा दिवस सरकारनं परवानगी दिली तर बारापर्यंत. ती ह्यांनी काढली नव्हती. गर्दी शिव्या देऊ लागली. मी पण दिल्या. मग मला ते तोंडपाठ वगवाले आठवले आणि तोंडातली शिवी तोंडातच राहिली. आमच्या रातपाळीला मात्र असला नियम नाही. अठ्ठेचाळीस लूम रात्रभर चालतात.

एसटीनं मंचरला दोनला उतरलो. स्टँडवर बसून काढलं. चारला दुधाचा टेम्पो मिळाला, त्यानं कळंबला सोडलं. फाट्यापासून वस्ती लांब, दोन्ही बाजूंनी ऊस. आमच्याकडं बिबट्याची भीती. रातचं एकटं जायचं तर मोबाईलवर मोठ्यानं काहीतरी लावून जातात, कुणी भजन लावतं, कुणी भीमगीत. मी आयोमी लावला. एका पायात चप्पल, हातात चप्पल, आणि उसातनं ब्लॅक सबाथ. वस्तीतली कुत्री उठली.

आज्या जागाच होता. ह्या वयात झोप येत नाही त्याला. गिरणगावातल्या हनुमान थिएटरला त्यानं पाळी चुकवून तमाशे बघितलेत, त्यामुळं तिकिटाची चौकशी त्यानं केली नाही.

'किती वाजेस्तोवर चाललं?'

'धा.'

'बास?'

मी चुलीपाशी बसलो. ढोलकीवाल्याचं सांगितलं. माईक बंद, हात चालू, ते सांगितलं. आज्या उठून बसला. नारायणगावचे सगळे फड त्याला माहीत, कोण कुणाचा ते माहीत.

'पन्नाशीचा? डावरा का उजवा? नाव काय म्हणलास त्याचं?'

मी विचारलं नव्हतं.

आज्यानं अजून दोन-तीन नावं घेतली, हा असंल, तो असंल. मी चपलेचा अंगठा सुतळीनं बांधत होतो. सोमवारी पहिली पाळी होती. आळेफाट्यावरनं कल्याणची गाडी धरायची होती.