रविवारचा स्टोव्ह

मैत्रिणीची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. दिवाळीच्या आत घर रिकामं करून द्यायचं, म्हणून तिचा माळा उतरवायला आम्ही सगळ्याजणी डोंबिवलीला तिच्याकडे जमलो होतो. तांब्याचा बंब, मुलांच्या पाट्या, गौरींची पेटी असं एकेक खाली येत होतं. मग बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळी स्टोव्ह. मी टाकीचं झाकण फिरवलं मात्र, रॉकेलचा वास आला. किती वर्षांनी! शहरात आता हा वास कुठेच राहिलेला नाही. आमच्यातली मास्तरीण स्टुलावरूनच म्हणाली, ''हा काकूंना लोहगडावर नेलं होतं ना, तेव्हाचा.''

काकू म्हणजे माझी आई. माळा मग तसाच राहिला आणि आम्ही सगळ्या फरशीवर बसलो.

यंदाचा पावसाळा आम्ही डोंगरात काढला. मृगाच्या आधी राजमाचीला काजवे पाहिले, आषाढात भाजे आणि लोहगड केला, श्रावणात रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी राहिलो. गौरी-गणपती उरकले आणि कळसूबाई. शनिवार आला की सॅक भरलेली, सोमवारी दोरीवर बूट वाळत घातलेले. सगळ्या निवृत्त झाल्या आहेत, मधली पंधरा-वीस वर्षं सासर, मुलं, आजारपणं यांत गेली, आणि बोलणं फार साचलं होतं. एकीचा नवरा गेला तेव्हा आम्ही स्मशानातून परत येऊन आपापल्या घरी गेलो होतो. त्या मरणाबद्दल ती पहिल्यांदा सलग बोलली ती रतनवाडीच्या पावसात, पडवीत बसून, अख्खी रात्र. एक जण वर्षातले सहा महिने लेकीकडे परदेशात असते. ती म्हणाली, तिकडे माझ्याशी सगळे प्रेमाने बोलतात, पण मला 'ए' म्हणणारं कुणी नाही. हे सगळं लिहून ठेवायचं असं पावसाळाभर मनात होतं. सुरुवात सापडत नव्हती, ती या स्टोव्हने करून दिली.

आम्ही सगळ्या लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणी. सकाळच्या गाडीचा बायकांचा डबा, एकाच दाराशी चढायचं, बसायला मिळालेलीने अर्ध्या वाटेवर उठून उभ्या असलेलीला जागा द्यायची. मी बँकेत, एक टेलिफोनमध्ये, एक पोस्टात, एक पालिकेच्या शाळेत, ती मास्तरीण. संध्याकाळच्या गाडीत मटार सोलले जायचे, मेथी निवडली जायची. बँकेला तेव्हा शनिवारी अर्धा दिवस असे. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी आली ती २०१५ साली, माझ्या नोकरीच्या अगदी शेवटी. त्या अर्ध्या शनिवारला लागून येणारा रविवार एवढंच आमचं भांडवल. कर्जत, कसारा, लोणावळा, जिथवर गाडी नेईल तिथवर जायचं आणि पुढे चालायचं.

स्टोव्ह माझ्या घरचा. गॅस आला आणि तो ओट्याखाली गेला, पुढे मी तो मागून घेतला. तीन पाय आणि वरची कडी सुटी करून डब्यात बसायची. तो पेटवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट घालायचं किंवा काकडा लावायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा, मग चावी बंद करून पंप मारायचा. घाई केली की पिवळी ज्योत भप्पकन वर यायची आणि पातेल्याचं बूड काळं. नीट तापला असेल तर आधी फुसफुस, मग एकदम निळी फुलं आणि तो आवाज. त्या आवाजात शेजारचीशीसुद्धा ओरडून बोलावं लागे. मध्येच कोंडला तर पिन मारायची. पंपाचं चामड्याचं वायसर सुकलं की हवा धरत नाही, म्हणून आई त्याला खोबरेल लावून ठेवायची. तिची बोटं ते काम न बघता करत.

या जातीचा स्टोव्ह स्वीडनचा. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ साली तो काढला, काजळी न धरणारा. 'प्रायमस' हे त्याचं नाव पुढे जगभर झालं. अमुंडसेनच्या लोकांनी तो १९११ साली दक्षिण ध्रुवावर नेला, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता; उंचावर बर्फ वितळवल्याशिवाय प्यायला पाणी नाही, आणि पाण्याशिवाय माणूस वर टिकत नाही. हे मी एका पुस्तकात वाचलं आणि आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, ''तिथं पेटवायचा कोण?'' मला उत्तर देता आलं नव्हतं. अजूनही मला ते पुस्तकात कुठे मिळालेलं नाही.

पेटवायचा कोण, यावरून माझा एक राग आहे. आमचा ग्रुप जमण्याआधी मी एका गिरिभ्रमण मंडळाबरोबर राजगडला गेले होते. संध्याकाळी पद्मावती माचीवर पोचलो. नेत्याने सॅक टेकवायच्या आतच सांगून टाकलं की मुली स्टोव्हचं बघतील, बाकीचे बालेकिल्ल्यावरून सूर्यास्त पाहून येऊ. आम्ही दोघीच होतो. खाली बसून तांदूळ धुतले. वरून मुलांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. नंतर मी राजगड पुष्कळदा केला, सुवेळा माचीचं नेढं पाहिलं, संजीवनीवरून तोरण्याकडे बघत बसले, बालेकिल्ल्यावर राहिले. पण त्या दिवशीचा सूर्यास्त माझा होता आणि तो मला मिळाला नाही. तो गृहस्थ पुढे एका लग्नात भेटला, हसून बोलायला आला. मी पाठ फिरवली. इतक्या वर्षांनी हे धरून कशाला बसायचं, असं घरचे म्हणतात. मला ते सोडावंसं वाटत नाही.

त्यातूनच आमच्या ग्रुपचा नियम आला: घरी जिच्यावर सगळ्यांत मोठ्या स्वयंपाकाचा भार, तिने सहलीत स्टोव्हला हात लावायचा नाही. त्यामुळे पंप मारायची बहुतेक वेळा मास्तरीण. तिचं लग्न झालेलं नव्हतं, घरी ती आणि वडील दोघंच. पोस्टातलीकडे दोन दीर आणि सासूबाई होत्या. ती लांब पाय पसरून बसायची आणि आम्ही तिला पाणीसुद्धा हातात द्यायचो.

आणि म्हणून आई. ती आमच्याबरोबर एकदाच आली, लोहगडावर, श्रावणात, बाबा गावाला गेलेले असताना. मळवलीला उतरून भाज्याच्या वाटेने, नऊवारीचा ओचा वर खोवून, गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा असे चारही दरवाजे थांबत थांबत चढली. वर धुकं इतकं की विंचूकाटा नाहीच दिसला. लक्ष्मी कोठीत आम्ही पथारी पसरली. मास्तरणीने स्टोव्ह काढला तशी आई सवयीने पुढे सरकली. टेलिफोनवालीने तिचा हात धरून तिला मागे बसवलं. ''काकू, तुमच्याकडे रोज सात माणसं जेवतात. नियम आहे.'' आई बसली. तिला हातांचं काय करावं ते कळेना. पदराचं टोक गुंडाळायची, सोडायची. स्टोव्हच्या आवाजावर कान ठेवून एकदा हळूच म्हणाली, ''हवा कमी पडतेय गं.'' खिचडी झाली. पहिलं ताट तिच्या हातात दिलं. ''तुमचं?'' ''आम्ही घेतोय, तुम्ही सुरू करा.'' तिने घास घेतला आणि तिची जीभ पोळली.

हे मी कितीदा आठवलं असेन. बावन्न-त्रेपन्न वर्षांची बाई, रोज दोन्ही वेळा उकळतं अन्न हाताळणारी, आणि गरम घास तोंडात घालताना फुंकर घालायची हे तिच्या लक्षात आलं नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव इथे आणते. त्यांच्याशिवाय आमच्या या भटकंतीला दिवसच मिळाला नसता. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. गिरण्यांतल्या माणसांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी म्हणून त्यांनी कित्येक वर्षं अर्ज केले, सभा घेतल्या. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असंही एक कारण त्यांनी पुढे केल्याचं सांगतात. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार गिरणी कामगारांची सभा झाली, आणि तीत दोन कामगार बायका उठून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले. त्या दोघी काय बोलल्या असतील, याचा मी फार विचार करते. सुट्टीच्या दिवशी काय करायचं असं त्यांच्या मनात होतं? कपडे धुवायचे, डोक्यावरून न्हायचं, मुलांची डोकी बघायची? आमच्याकडे रविवारी सगळे घरी म्हणून आईचं काम दुप्पट. सकाळी न्हाणं, मग पाहुणे, मग वाटण, दुपारी चहाची दोन आधणं. रविवारी गॅसच्या जोडीला ओट्याखालचा स्टोव्हही वर यायचा.

आणखी एक गोष्ट आहे, ती टाळून या स्टोव्हबद्दल लिहिणं मला खोटं वाटेल. माझं लग्न ठरत होतं त्या काळात पेपरात दर थोड्या दिवसांनी एक छोटी बातमी असायची: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. नेहमी सून. स्टोव्हला सासू आणि सून यांतला फरक कसा कळतो, असं तेव्हा मोर्च्यांतून विचारलं जाई. १९८३ साली फौजदारी कायद्यात ४९८-अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं वेगळं कलम आलं. त्याच १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रस्त्यावर आणलं. आमच्या डब्यातही एक मुलगी होती, दाराशी उभी राहणारी, केसांत अबोली माळणारी. एका सोमवारी ती आली नाही. तिच्याबद्दल मी इथे यापेक्षा जास्त लिहिणार नाही. पण मी स्टोव्ह मागितला तेव्हा आईने तो लगेच दिला नव्हता. ''नायलॉनची साडी नेसून याच्याजवळ बसायचं नाही'' हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. मला वाटे, ती पितळेला जपते आहे.

लोहगडाहून परतताना मळवलीच्या फलाटावर ती म्हणाली होती, ''पुढच्या वेळी शेंगदाणे जरा जास्त घाला.'' पुढची वेळ आली नाही. आधी आजीचं अंथरूण, मग बाबांचं, मग तिचंच. यंदा आषाढात तिथे गेलो तर लक्ष्मी कोठीपर्यंत जायलाही रांग. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, लोहगड त्यांत आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. पण स्पीकरवर गाणी लावून महादरवाजातून जाणारी माणसं पाहिली की चीड येते. त्या दरवाजात आई दम खात उभी राहिली होती, आणि धुक्यात फक्त पाण्याचा आवाज होता.

आता स्टोव्ह न्यावा लागत नाही. प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याशी घरगुती जेवण मिळतं. कळसूबाईला गेलो तेव्हा बारीत एका घरी उतरलो. घरातली बाई तिशी-पस्तिशीची. शनिवारी रात्री आमच्यासह दोन तुकड्या जेवल्या. पहाटे चार वाजता मला जाग आली तर ती चुलीपाशी; पोह्यांची परात, उकळता चहा, बाजूला नागलीच्या भाकऱ्यांची चवड. आम्ही निघालो आणि शिड्यांच्या अलीकडे पोचतो तोवर ती डोक्यावर हंडा, काखेत लिंबांची पिशवी घेऊन आमच्या पुढे निघून गेली.

वर, १६४६ मीटरवर, देवीच्या लहानशा देवळाच्या पायरीवर ती आमच्याजवळ टेकली आणि तिने कळसूची गोष्ट सांगितली. ती आम्हाला ऐकून ठाऊक होती, पण तिच्या तोंडून वेगळी लागली. कळसू कोळ्याची पोर. कामाला राहिली ती अट घालून: बाकी काय म्हणाल ते करीन, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बरेच दिवस मालकाने पाळलं. मग एक दिवस घरी पाहुणे आले, हाताखाली कुणी नव्हतं, आणि त्याने तिला भांडी घासायला लावली. तिने घासली. जिथे घासली ती जागा थाळेमेळ. घासून झाल्यावर उठली आणि डोंगर चढून गेली, ती परत खाली आली नाही. ''आमची देवी असली,'' ती म्हणाली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठली.

आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही. पोस्टातली खाली उतरेपर्यंत गप्प होती. रात्री तिनेच विषय काढला: या बाईला एकदा आपण कुठेतरी न्यायचं. सगळा खर्च आपला, आणि तिला स्टोव्हला हात लावू द्यायचा नाही.

सकाळी विचारलं. तिला आधी पटेचना की यात आमचा काही हेतू नाही. मग म्हणाली, जेजुरीला जायचंय, लग्नाला बारा वर्षं झाली, जोडीनं जायचं राहिलंच. पण रविवारी जमणार नाही. रविवारीच तर माणसं येतात.

तेव्हा मार्गशीर्षातला एखादा बुधवार धरायचा असं ठरलं आहे. खंडोबाच्या वाराचा आग्रह तिनेच सोडला. माळ्यावरून निघालेला स्टोव्ह मास्तरीण घेऊन गेली, वायसर मिळतंय का ते बघायला. बुधवार पेठेत एक दुकान आहे असं तिच्या भाच्याने पुण्याहून कळवलं आहे. रॉकेलचं काय करायचं हा प्रश्न आहेच. आणि काल बारीहून फोन आला: सासूबाईंनाही यायचंय, चालेल का? चालेल म्हणून सांगितलं. त्यांचे गुडघे धरलेले आहेत, तर जेजुरीच्या पायऱ्यांना डोली मिळते का, याची चौकशी टेलिफोनवालीकडे दिली आहे.