निर्णय कोणाचा?

घरात संगणक किंवा मोबाइल आला की पाठोपाठ खेळही येतात, आणि मुलांना खेळू द्यावे की नाही, यावर वाद सुरू होतो. आम्हाला हा प्रश्न अर्धवट वाटतो. खेळ कोणता, आणि त्यात डोके कोणाचे चालते, हे आधी पाहायला हवे.

जालन्यात आमच्याकडे पहिला संगणक आला तो अब्बांच्या ट्रॅक्टर स्पेअर पार्टच्या दुकानासाठी, तोही सेकंडहँड. दिवसा त्यावर स्टॉक आणि उधारी, रात्री भाईजान, आपा आणि आम्ही धाकटे. मुंबईच्या मामूंनी आणून दिलेला ‘मास्टर ऑफ ओरायन २’ हा १९९६ चा खेळ आम्ही त्यावर खेळत असू. एका ग्रहापासून सुरुवात करायची, नवे ग्रह वसवायचे, शोध लावायचे, शेजारच्या जमातींशी तह करायचा किंवा लढायचे. बुद्धिबळासारखा चालींचा खेळ. एकाच संगणकावर आळीपाळीने खेळता येई, म्हणून खुर्ची एक असूनही भांडण होत नसे. मगरिबची अजान झाली की उठायचे. खेळ जिथल्या तिथे थांबून राही. भारनियमनाचे दिवस होते, म्हणून दर काही चालींनी तो सेव्ह करायचा.

त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडे. संशोधनाचा टप्पा गाठला की बहुधा दोन-तीन शोध समोर येत आणि बहुतेक जमातींना त्यांतला एकच घेता येई. बाकीचे सोडून द्यायचे, नाहीतर पुढे दुसऱ्यांकडून अदलाबदलीने किंवा हेरगिरीने मिळवायचे. इथे आपाला सर्वांत जास्त वेळ लागे. आम्ही घाई केली की ती म्हणे, “थांब, काय सोडायचं ते आधी ठरवू दे.”

या खेळाचा तिसरा भाग फेब्रुवारी २००३ मध्ये आला. चाहत्यांनी सहा-सात वर्षे त्याची वाट पाहिली होती, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांची निराशा झाली. करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. साम्राज्य मोठे झाले की प्रत्येक ग्रहाकडे एकट्याने पाहणे जमत नाही, म्हणून त्यांनी ग्रहोग्रही संगणकाचे सुभेदार नेमले. पण खेळणाऱ्याने काही सांगावे आणि सुभेदाराने भलतेच बांधायला घ्यावे, अशी तक्रार होऊ लागली. पडद्यावर आकडेच आकडे, आणि आपल्या हुकमाने नेमके काय घडले ते कळत नाही. खेळणारा नावाचाच बादशहा उरला.

गंमत अशी की पुढच्याच महिन्यात, मार्च २००३ मध्ये, ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स’ हा दुसराच खेळ आला. अमेरिकेतल्या स्टारडॉक या कंपनीने तो १९९० च्या दशकात ओएस/टू या संगणकप्रणालीसाठी केला होता. आता तो विंडोजवर नव्याने आला. ओरायनशी त्याचे नाते नव्हते. एका वेळी एकालाच खेळता येई, तेही फक्त माणसांच्या बाजूने. तरी ओरायनच्या कितीतरी चाहत्यांना जे हवे होते ते त्यात सापडले. प्रतिस्पर्धी विचार करून खेळत, आणि आपण काय ठरवले त्याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसे. लढाई न करताही जिंकता येई. आपल्या संस्कृतीचा प्रभाव वाढला तर शेजाऱ्यांचे ग्रह आपणहून आपल्याकडे येत. २००६ मध्ये त्याचा दुसरा भाग आला आणि तो अधिकच नावाजला गेला.

आमच्याकडे हा खेळ जरा उशिरा पोहोचला. तो एकट्याचा असल्यामुळे आम्ही तिघे मिळून एकच साम्राज्य चालवू लागलो. नवा ग्रह वसवताना त्यात कधी कधी नीतीचा प्रश्न येई. तिथे आधीच कोणी राहत असेल तर त्यांना राबवून घ्यायचे, की त्यांना त्यांची जागा सोडून आपले उत्पन्न कमी करायचे? नेकीचा पर्याय बहुधा तोट्याचा असे. भाईजान तोटा मोजत; आपा म्हणे, तोटा माहीत असून घेतला तर तो परवडतो.

आपा बारावी झाली तेव्हा औरंगाबादला डी. फार्मला प्रवेश मिळत होता, पण वसतिगृहात राहावे लागणार होते. घरी चाचा, मामू, फुफा जमले. सर्वांच्या मनात तिचे भलेच होते. जालन्यातच डी.एड. करावे, घराजवळ राहावे, असे जवळजवळ ठरलेही. अब्बांनी तेवढ्यात तिला बोलावून घेतले. तिने स्वतःच काय काय सोडावे लागेल ते सांगितले : घर, आजारी दादींची सेवा, खर्चाचा भार, आणि कदाचित एक-दोन चांगली स्थळे. अब्बा म्हणाले, “सोडायचं काय ते हिला ठाऊक आहे. मग निवडही हिचीच.”

तिच्या दुसऱ्या वर्षी दादींचा इंतकाल झाला. शेवटच्या दिवसांत आपण जवळ नव्हतो, ही सल तिला आजही आहे. पण निवड दुसऱ्या कोणावर ढकलायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. आज अंबडला तिचे मेडिकल आहे आणि आसपासच्या बाया औषध कसे घ्यायचे ते विचारायला तिच्याकडे येतात.

हे सारे एका खेळाने शिकवले, असे आम्ही म्हणणार नाही. घरात अब्बांसारखे विचारणारे कोणी नसेल तर कोणताही खेळ उपयोगाचा नाही. पण मुलांच्या भल्यासाठी आपण मोठी माणसे त्यांचे सुभेदार होतो, तेव्हा त्या तिसऱ्या भागाची आठवण ठेवायला हरकत नाही. हेतू चांगला असूनही समोरचा माणूस नावाचाच उरतो.

मोबाइलवरच्या खेळांनाही हीच कसोटी लावता येईल. पुष्कळ खेळ आता मुलाला थांबवून ठेवतात, ‘चार तासांनी या, नाहीतर पैसे भरा’ म्हणतात, आणि हरल्यावर विचार करण्याऐवजी नाणी विकत घ्यायला लावतात. एकदा मुलाशेजारी बसून पाहा. अजान झाल्यावर खेळ त्याच्यासाठी थांबतो का? पुढची चाल त्यानेच ठरवली का, आणि ती का, हे त्याला सांगता येते का? सांगता आले तर अर्धा तास जास्त खेळू द्यायला हरकत नाही.