दगडातल्या पाण्याचा हिशेब

पुणे-जळगावकडच्या बेसाल्टच्या खाणीत सुरुंग उडाला की फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे, कधी फिकट गुलाबी स्फटिक उघडे पडतात. त्यांतले बरेचसे स्टिल्बाइट नाहीतर ह्यूलँडाइट, म्हणजे झिओलाइट गटातली खनिजं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातली त्यांची आरास प्रत्येकाने एकदा तरी पाहावी. मला मात्र रंगरूपापेक्षा त्यांचा आतला हिशेब जास्त मोहवतो.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची पोकळ चौकट. सिलिकॉनचा भार चार, ॲल्युमिनियमचा तीन. त्यामुळे दर ॲल्युमिनियममागे एक ऋणभार उरतो आणि तो भागवायला सोडियम, कॅल्शियम पोकळीत येऊन राहतात. त्यांच्या सोबतीला पाणी असतं. हे आयन जखडलेले नसतात, त्यांची जागा दुसरे घेऊ शकतात; हाच आयन-विनिमय.

स्टिल्बाइटचं आदर्श सूत्र घ्या: सोडियम १, कॅल्शियम ४, सिलिकॉन २७, ॲल्युमिनियम ९, ऑक्सिजन ७२ आणि पाण्याचे २८ रेणू. एकूण वस्तुमान सुमारे २८४१, त्यात पाणी ५०४. सोडियमचा एक आणि चार कॅल्शियमचे आठ, मिळून नऊ भार, ॲल्युमिनियमही नऊच. हा ताळा जुळला की मला दर वेळी आनंद होतो. आता विनिमयक्षमतेसाठी नऊला २८४१ ने भागा आणि हजाराने गुणा: ग्रॅममागे ३.१७ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे भाराच्या मोलचे हजारावे भाग. पाणी वगळून २३३६ ने भागा: ३.८५. पाण्याचंही तेच. ओल्या वजनावर ते १७.८ टक्के, कोरड्यावर २१.६. दगड तोच, आकडे दोन. म्हणून छेदातलं वजन ओलं की कोरडं हे न सांगता दिलेला आकडा मी स्वीकारत नाही.

प्रयोगशाळेत हा छेद सांभाळणं हेच खरं काम. पुण्याच्या मे महिन्यातली आणि जुलैतली हवा एकाच भुकटीला वेगवेगळं वजन देते. म्हणून आधी नमुना बंद भांड्यात मिठाच्या संपृक्त द्रावणावर ठेवायचा; तिथली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. वजन बदलायचं थांबलं की मोजायचं, मग तापवायचं आणि डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या बंद भांड्यात, थंड करून पुन्हा मोजायचं. पण तापवल्यावर गेलेलं पाणी म्हणजे शोषणक्षमता नव्हे. ह्यूलँडाइट फार तापवलं तर त्याची चौकट आकसते आणि गेलेलं सगळं पाणी परत येत नाही. शोषण मोजायचं तर परतीच्या वाटेवर, पाणी पुन्हा आत शिरताना मोजावं.

विनिमयक्षमता मोजण्यासाठी नमुना अमोनियम ॲसिटेटने भिजवून तृप्त करायचा, अल्कोहोलने जादा क्षार धुवायचे, मग सोडियम किंवा पोटॅशियम क्लोराइडने अमोनियम बाहेर काढून मोजायचा. हा आकडा बहुधा सूत्रातून काढलेल्या आकड्यापेक्षा कमी भरतो. काही आयन अशा कोपऱ्यात असतात की नवा आयन तिथवर पोचतच नाही. ॲनाल्साइम पाहा: सूत्रानुसार ग्रॅममागे साडेचार मिलिइक्विव्हॅलंट, स्टिल्बाइटहून कितीतरी जास्त. पण त्याच्या वाटा इतक्या अरुंद, की साध्या तापमानाला सीझियमसारखा मोठा आयन जेमतेम शिरतो.

प्रयोगशाळेबाहेरही कागदावरची आणि प्रत्यक्षातली क्षमता वेगळी पडते. कोळंबीच्या तळ्यात अमोनिया कमी करण्यासाठी झिओलाइट टाकतात. पिशवीवरची क्षमता खरी असली, तरी ती खाऱ्या पाण्यातली नसते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १०.८ ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सुमारे ४७० मिलिइक्विव्हॅलंट. अमोनियाचं आयनरूप असलेला अमोनियम लिटरमागे १ मिलिग्रॅम धरला तर तो भरतो ०.०५५. एका अमोनियमसमोर साडेआठ हजार सोडियम! झिओलाइटला अमोनियम कितीही प्रिय असला, तरी एवढ्या गर्दीत त्याच्या वाट्याला जागा थोडीच येते. गोड्या पाण्याच्या टाकीत हेच खनिज उत्तम काम करतं. खाऱ्या तळ्यासाठी विकत घेणाऱ्याने निदान त्याच तळ्याचं पाणी बादलीत घेऊन, त्यात वजन केलेली भुकटी ढवळून, आधीचा आणि नंतरचा अमोनिया तपासून घ्यावा.