सिर्टुइन, एकादशी आणि न उघडलेला डबा



आज एक पाठ लिहिते आहे. पण पाठाच्या आधी माझी एक चूक सांगते, कारण हा पाठ त्या चुकीतूनच तयार झाला.

नववीच्या वर्गात पेशी शिकवत होते. तास संपायला पाच-सात मिनिटं होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, माणूस म्हातारा का होतो?" आदल्या रात्रीच मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. मग काय, लगेच सांगून टाकलं. "आपल्या पेशींमध्ये सिर्टुइन नावाची प्रथिनं असतात. आपण कमी खाल्लं की ती कामाला लागतात आणि आयुष्य वाढवतात. आपल्या आज्ज्या एकादशी करायच्या, ते काय उगीच?" वर्ग खूश, मीही खूश. घंटा झाली.

तीनेक आठवड्यांनी परिपाठाच्या वेळी त्याच वर्गातली एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला आडवं केलं, पाय थोडे उंच ठेवले. शुद्धीवर आल्यावर पाणी दिलं, मग गूळ-शेंगदाणे. सकाळी काही खाल्लं नव्हतं. आदल्या दिवशीचा डबाही तिने उघडला नव्हता, परत जाताना धाकट्या भावाला देऊन टाकला होता. संध्याकाळी तिची आई आली. आवाज अजिबात चढवला नाही तिने. म्हणाली, "मॅडम, कमी खाल्लं की आयुष्य वाढतं, असं तुम्ही शिकवलंय म्हणते. आम्ही ओरडलो तर म्हणते, तुम्हाला विज्ञान कळत नाही. आता आजीलाही सांगते, दुपारचं जेवू नकोस. सासूबाईंना शुगरची गोळी चालू आहे हो."

काय उत्तर देणार? "मी पाच मिनिटांत सांगितलं होतं, तिने एवढं मनावर घ्यायला नको होतं," असं म्हणता येत नाही. आपण सांगितलेलं मुलं मनावर घेतात, म्हणून तर आपण शिक्षक.

आईची माफी मागितली आणि त्या आठवड्यात हा विषय नीट वाचून काढला. जे समजलं ते असं.

सिर्टुइन म्हणजे काय?

पाव फुगवायला यीस्ट घालतात, पुस्तकात त्याला आपण किण्व म्हणतो. या यीस्टमध्ये काही जनुकांना गप्प ठेवणारं एक जनुक सापडलं. १९७९ साली त्यावर शोधनिबंध लिहिणाऱ्यांत अमर क्लार हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ होते. पुढे या जनुकाला 'सर-२' हे नाव रूढ झालं, आणि सिर्टुइन हा शब्द त्यावरूनच आला. माणसात अशी सात प्रथिनं आहेत. काही पेशीच्या केंद्रकात काम करतात, तर तीन तंतुकणिकेत, म्हणजे जिथे अन्नापासून ऊर्जा तयार होते तिथे.

वर्गात सांगायचं तर रिळाचं उदाहरण द्या. डीएनएचा लांब दोरा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या रिळांवर असेटिल नावाच्या छोट्या खुणा चिकटल्या, की दोरा सैल होतो आणि जनुकं वाचता येतात. सिर्टुइन या खुणा काढतं, मग दोरा घट्ट बसतो आणि तिथली जनुकं गप्प होतात. इतर अनेक प्रथिनांवरच्या खुणाही ते अशाच काढतं.

आता चयापचयाशी संबंध कुठे आला? प्रत्येक खूण काढताना सिर्टुइनला एनएडी नावाचा एक रेणू खर्च करावा लागतो. आपलं शरीर तो बी-३ जीवनसत्त्वापासूनही बनवतं, आणि अन्नातून ऊर्जा काढतानाही तोच रेणू लागतो. त्यामुळे पेशीत ऊर्जेची स्थिती काय आहे, याचा सुगावा सिर्टुइनला लागतो. उपाशी असताना यकृताने साखर तयार करावी, चरबी जाळावी, अशा कामांत त्यांचा हात असतो. वय वाढतं तसं अनेक ऊतींमध्ये एनएडी कमी होत जातं, असंही दिसलं आहे. म्हणून वार्धक्याच्या अभ्यासकांना या प्रथिनांचं एवढं आकर्षण.

मग आयुष्य वाढतं की नाही?

१९९९ साली अमेरिकेत लेनर्ड ग्वारेंटे यांच्या प्रयोगशाळेत यीस्टला सर-२ची एक जादा प्रत दिली. पेशीचं आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं. पण यीस्टचं आयुष्य इथे वर्षांत मोजलेलं नाही बरं का! एका मातृपेशीने मरेपर्यंत किती कन्यापेशी दिल्या, ते मोजलं होतं. त्यानंतर कृमी आणि फळमाश्यांतही आयुष्य वाढल्याची वृत्तं आली. २००३ मध्ये द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल सिर्टुइनला चालना देतं, असा दावा झाला. २००८ मध्ये एका बड्या औषध कंपनीने ७२ कोटी डॉलर मोजून अशी औषधं शोधणारी एक छोटी कंपनी विकत घेतली.

माझ्या व्हिडिओची गोष्ट इथेच संपली होती. विज्ञानाची संपली नव्हती.

२०११ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तेच कृमी आणि त्याच माश्या पुन्हा तपासल्या. तुलनेसाठी घेतलेल्या प्राण्यांची आनुवंशिक पार्श्वभूमी सारखी ठेवली, आणि आयुष्यातली ती वाढ बहुतांशी नाहीशी झाली. नेहमीचा आहार घेणाऱ्या उंदरांचं आयुष्य रेस्व्हेराट्रॉलने वाढलं नाही. मग सगळं खोटं का? तसंही नाही. २०१२ मध्ये इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी सर्ट-६ हे प्रथिन जास्त असलेले उंदीर वाढवले. त्यातले नर सुमारे १५ टक्के जास्त जगले, माद्यांत मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे कोणतं प्रथिन, कोणत्या प्राण्यात, नरात की मादीत, यावर उत्तर बदलतं. सिर्टुइन वाढवून माणसाचं आयुष्य वाढलं, असं अजून कोणी दाखवलेलं नाही.

आणि कमी खाण्याचं काय? १९३५ मध्ये क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना कमी आहार देऊन जास्त जगवलं, हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. त्या निबंधाच्या शीर्षकातच 'खुंटलेली वाढ' हे शब्द आहेत! उंदरांची वाढ थांबली होती. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी आली. चौदा वर्षांची, हाडं वाढण्याचं वय, रक्त वाढण्याचं वय. माणसांवरचा कॅलरी नावाचा मोठा प्रयोग झाला तो लठ्ठ नसलेल्या, निरोगी प्रौढांवर, देखरेखीखाली, दोन वर्षं. २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात जमलं सुमारे १२ टक्के. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं. आयुष्य किती वाढलं, हे दोन वर्षांत कळणं शक्यच नव्हतं.

पुन्हा वर्गात

पुढच्या सोमवारी मी वर्गात सांगितलं, "मी तुम्हाला अर्धवट शिकवलं होतं. आज पूर्ण शिकवते." मुलं एकदम शांत. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: प्रयोग कोणावर केला? मोजलं काय? दुसऱ्या कोणी पुन्हा करून पाहिला का? मग यीस्टपासून माणसापर्यंत एकेक प्रयोग या तीन प्रश्नांतून काढला. एकाने विचारलं, "मॅडम, मग एकादशी खोटी का?" म्हटलं, "एकादशी श्रद्धेची गोष्ट आहे, ती सिर्टुइनला विचारून कोणी करत नाही. आणि आपल्याकडे म्हणतातच ना, एकादशी, दुप्पट खाशी!" वर्ग हसला. तीही हसली.

मधल्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन तिच्या बाकावर जाऊन बसले. पोळी-भाजी खाता खाता ती हळूच म्हणाली, "मॅडम, आजीला तुम्हीच सांगा ना. माझं ती आता ऐकत नाही." शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. आजींना म्हटलं, "गोळी चालू आहे तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवायचं नाही." आजी नातीकडे बघून म्हणाल्या, "आता बाईच सांगतायत, मग जेवते."

शिक्षकांनो, ते तीन प्रश्न आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात अजून आहेत, पुसू देत नाही मी. तुमच्याही वर्गात लिहून बघा. आणि पालकहो, मूल "विज्ञानात असं सांगितलंय" म्हणालं तर ओरडू नका, आधी हे प्रश्न विचारा. उत्तर पटलं नाही, तर त्या आईसारखं सरळ शाळेत या. मी तरी तिची ऋणी आहे.